वाचकांचे प्रश्न: क्लॅरिनेट घेऊन महोत्सवाला निघताना

मागच्या अंकात परदेशातल्या क्लॅरिनेट महोत्सवांबद्दल मी दोन पानं लिहिली होती. त्यावर गोव्याच्या सगळ्या तालुक्यांतून पत्रं आली. या वाद्याबद्दल मराठीतून इतकं कुणी विचारील असं मला वाटलं नव्हतं; फार बरं वाटलं. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी फोंडा तालुक्यातला. आजोबा देवळात सनई वाजवायचे. मी मात्र नदीपलीकडच्या गावातल्या मेस्तांकडे, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकांकडे, सोल्फा (स्वरांची नावं घेत गाणं) म्हणायला जाऊ लागलो आणि क्लॅरिनेटचा झालो. महोत्सवात स्पर्धक म्हणून गेलो आहे, पुढे श्रोता म्हणूनही. सहा पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न: सर, मी एकोणीस वर्षांची आहे. आठवी ग्रेड गेल्या वर्षी झाली. युरोपातल्या एका क्लॅरिनेट महोत्सवाच्या तरुणांच्या स्पर्धेला व्हिडिओ पाठवला होता, त्यातून पहिल्या फेरीसाठी निवड झाली. फेरी जुलैत आहे. घरी एकच बी-फ्लॅट क्लॅरिनेट आहे. कोणती रचना घेऊ आणि तयारी कशी करू? रात्री झोप लागत नाही. — विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर: आधी मनापासून अभिनंदन. कापाकापी न करता सलग वाजवलेल्या एका व्हिडिओवर तू तिथवर पोचलीस, म्हणजे तुझा सूर त्यांना पुन्हा ऐकावासा वाटला. झोप लागत नसेल तेव्हा हे आठव.

रचना घरातल्या वाद्यावरून ठरव. मोझार्टचा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीने एका वाद्याने वाजवायची मोठी रचना) सगळ्यांनाच वाजवायचा असतो. पण तो ए क्लॅरिनेटसाठी आहे, म्हणजे तुझ्या बी-फ्लॅटहून अर्धा स्वर खाली लागणाऱ्या वाद्यासाठी. १७९१ च्या ऑक्टोबरात, मरणाच्या दोन महिने आधी, मोझार्टने तो आन्टोन श्टाडलर या वादक मित्रासाठी पुरा केला. श्टाडलरचं वाद्य तर नेहमीच्या ए क्लॅरिनेटपेक्षाही खाली जाणारं होतं. मूळ हस्तलिखित हरवलं. आपण वाजवतो ती साध्या वाद्यासाठी बेतलेली प्रत. बी-फ्लॅटसाठी उतरवलेल्या प्रतीही मिळतात, घरी जरूर वाजव. पण स्पर्धेच्या नियमपत्रात मूळ वाद्याची अट असेल तर तिथे अडशील. कुणाचं ए क्लॅरिनेट उसनं आणून तीन महिन्यांत त्याच्याशी मैत्री होईल असंही समजू नकोस. दिसायला जुळी भावंडं, पण फुंकल्यावर वागणूक वेगळी.

स्पर्धेच्या यादीत वेबर हा संगीतकार असेल तर वेबर घे. १८११ या एका वर्षात त्याने हाइनरिश बेअरमान या क्लॅरिनेटवादकासाठी एक कॉन्चेर्टिनो, म्हणजे छोटा कॉन्चेर्टो, आणि दोन कॉन्चेर्टो लिहिले. तिन्ही बी-फ्लॅटवर वाजतात. कॉन्चेर्टिनो नऊ-दहा मिनिटांचा आहे, पहिल्या फेरीत सहज बसतो. मुलं त्याच्या शेवटच्या धावत्या भागावर महिनेच्या महिने घालवतात. तू मधल्या, खालच्या सुरांतल्या संथ भागावर वेळ घाल. बोटं सगळ्यांचीच पळतात. खालचा सूर हळू, भरलेला आणि न थरथरता धरणारे थोडे. विनासाथ रचनेची मुभा असेल तर तुझं लक्ष स्त्राविन्स्कीच्या तीन तुकड्यांकडे जाईल, पण पहिल्या दोनांसाठी त्याची पसंती ए क्लॅरिनेटला आहे, तिसऱ्यासाठी बी-फ्लॅटला. तिथेही तुझी अडचण तीच.

आता साथीचा पियानो. मी चोवीस वर्षांचा असताना मध्य युरोपातल्या एका महोत्सवात उतरलो होतो. घरी सहा महिने रेकॉर्ड केलेल्या साथीवर सराव केला. ती साथ कधी चुकत नसे, कधी श्वासही घेत नसे. तिथे महोत्सवाने दिलेल्या पियानोवादक बाईंबरोबर वीस मिनिटांची तालीम मिळाली. प्रत्यक्ष फेरीत त्यांनी थीमच्या, म्हणजे मुख्य धुनेच्या, आधी एक क्षण थांबून हात उचलले, माणूस उचलतो तसे, आणि मी त्यांच्या आधीच सुरू झालो. चार मात्रा आम्ही दोघं दोन वेगळ्या वाटांनी चालत होतो. चूक त्यांची नव्हती. माझ्या कानाला माणसाची सवयच नव्हती. म्हणून तू मडगावात, पणजीत, जिथे मिळेल तिथे खऱ्या पियानोवादकाबरोबर वाजव, निदान दहा वेळा. दोन वेगवेगळे मिळाले तर उत्तम. पियानोची ओळ स्वतः गाऊन पाठ कर. तालमीत तिथल्या वादकाला लय तोंडाने समजावत बसू नकोस, थीमच्या पहिल्या दोन ओळी गाऊन दाखव. वीस मिनिटांत याहून लवकर काही पोचत नाही. पानं उलटायची अडचण येणार नाही अशी, श्वासाच्या खुणा केलेली एक प्रत त्यांच्यासाठी वेगळी ने.

स्वराची पट्टी आधी विचारून घे. आपण ट्यूनर ४४० वर ठेवतो, म्हणजे ए या स्वराची सेकंदाला ४४० कंपनं. युरोपात पुष्कळ ठिकाणी पियानो ४४२ ला लावलेला असतो. दोन आकड्यांचा फरक लहान वाटतो, पण थंड खोलीत वाद्य आधीच उतरलेलं असतं आणि मग तू ओठ आवळून सूर वर ओढू लागतेस. आवाज बारीक होतो तो तिथे. मिलिमीटरभर आखूड बॅरल (फुंकायच्या तुकड्याखालची छोटी नळी) मिळालं तर पेटीत ठेव.

आणखी एक सवय आजपासून लाव. फेरीच्या आधी वाद्य घेऊन मार्गिकेत ताटकळावं लागतं, कधी तासभर. गरम झालेलं वाद्य, ओली केलेली रीड (फुंकायच्या टोकाची वेताची पट्टी), मोकळी झालेली बोटं, सगळं तोवर थंड होतं. म्हणून दिवसातून एकदा काहीही पूर्वतयारी न करता रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजव. सकाळी पेटी उघडल्या उघडल्या, किंवा जेवणानंतर आईला समोर बसवून. चुकलं तरी थांबायचं नाही. पाऊस सुरू झाला की कौलांवरच्या आवाजात तुला तुझा पियानिस्सिमो, म्हणजे अगदी हळू वाजवलेला सूर, ऐकू येणार नाही आणि नकळत तू मोठ्याने वाजवू लागशील. जूनमध्ये बंद काचांची एखादी खोली शोधून ठेव. मला आमच्या मेस्तांनी चर्चची सामान ठेवायची खोली दिली होती.

तुझी फेरी झाली की वाद्य पुसून पेटीत ठेव आणि सभागृहात मागच्या रांगेत जाऊन बस. निकालाची वाट बघत बाहेर उभी राहू नकोस. आपण गोव्यात वर्षानुवर्षं फक्त आपलंच क्लॅरिनेट ऐकत असतो. तिथे एकाच दुपारी तुला आठ-दहा जण तीच रचना वाजवताना ऐकायला मिळतील. त्यासाठी एवढं लांब जायचं आहे. पुढे सविस्तर लिहितो. वाळपईच्या एका मुलाला दिलेल्या उत्तरात ते येईल.

प्रश्न: मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याच्यासाठी कर्ज काढून लाकडी क्लॅरिनेट घेतलं. आता फेब्रुवारीत युरोपात होणाऱ्या एका महोत्सवाला जायचं म्हणतो, स्पर्धा आणि मैफली दोन्हींसाठी. एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का? आणि थंडीत लाकडाला काही होतं का? — पालक, डिचोली

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो तातडीचा आहे. होय, होतं. चांगली क्लॅरिनेटं ग्रेनाडिला नावाच्या काळ्या लाकडाची असतात. हे झाड पूर्व आफ्रिकेत, मोझांबिक-टांझानियाकडे वाढतं. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. पण आपल्या दमट हवेत राहिलेलं लाकूड विमानाच्या कोरड्या हवेत आणि मग हीटर लावलेल्या खोल्यांत गेलं, की बाहेरून सुकतं. त्यात आपण आतून गरम, ओला श्वास फुंकतो. आतलं लाकूड फुगतं, बाहेरचं आवळतं, आणि वरच्या सांध्यावर केसासारखी रेघ उमटते. माझ्या वाद्यावर ती मध्य युरोपातल्या त्या महोत्सवात, नोव्हेंबरातल्या तिसऱ्या सकाळी उमटली. वरच्या दोन भोकांच्या मधोमध. तिथल्या एका दुरुस्ती करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने आडव्या बारीक पिना बसवून ती बंद केली. ते वाद्य मी अजून वाजवतो, पण ती रेघ दिसली तेव्हा जे वाटलं ते अजून विसरलेलो नाही.

म्हणून मुलाला सांगा: वाद्य नेहमी हातातल्या सामानात, विमानाच्या पोटात कधीच नाही. बाहेरून आल्यावर पेटी अर्धा तास न उघडता खोलीत ठेवायची. मग वरचा सांधा तळहातांत धरून उबदार करायचा आणि नंतरच फुंकायचं. दर पंधरा मिनिटांनी आतून फडकं ओढायचं. पेटीत ओलावा राखणारी पुडी ठेवायची. ती नसेल तर जुने वादक संत्र्याच्या सालीचा तुकडा ठेवतात, तेही चालतं. गोव्यात परतल्यावर मात्र ती साल लगेच काढा, इथे तिला बुरशी धरेल. वाद्य नवं असेल तर पहिले काही आठवडे रोज वीसेक मिनिटांहून जास्त वाजवू देऊ नका. फेब्रुवारीला अजून अवधी आहे, तोवर ते मुरेल.

कागदांचं म्हणाल तर खरेदीची पावती बरोबर ठेवा. निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून महागड्या वस्तूचा एक्स्पोर्ट सर्टिफिकेटचा कागद करून घ्या. परतताना हे वाद्य आपण इथूनच नेलं होतं हे दाखवता येतं. या लाकडाच्या जातीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आहेत हे खरं, पण तयार वाद्यांना २०१९ पासून त्यातून सूट आहे.

आता खर्च. मुलगा सोळाचा आहे आणि कर्ज फिटायचं आहे, तर मी यंदा पाठवणार नाही. त्याला आधी मुंबईला न्या. तिथे एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद २००६ पासून आहे. मडगावहून रात्रीच्या गाडीने जा, वाद्यवृंदात क्लॅरिनेटवाले बसतात ती जागा नीट दिसेल अशी खुर्ची घ्या, आणि मुलाला दोन संध्याकाळी तेवढंच ऐकू दे. त्यातून आला आणि तरीही महोत्सवाला जायचं म्हणाला, तर पहिल्या खेपेला स्पर्धेत नाव घालू नका. श्रोता म्हणून जाऊ दे. स्पर्धक मुलं महोत्सवाचे निम्मे दिवस सरावाच्या खोलीत काढतात आणि बाहेर काय वाजतं आहे ते त्यांना कळतही नाही. मी पहिल्या खेपेला तेच केलं, आणि ती मैफलींची तिकिटं अजून माझ्या वहीत न फाडलेली आहेत.

प्रश्न: आमच्या लहानपणी लग्नाच्या बँडमध्ये 'क्लॅरिओनेट' असायचं, वरातीत सगळ्यांच्या वर त्याचा आवाज जायचा. तुम्ही लिहिता ते क्लॅरिनेट तेच का? आणि त्यावर राग वाजतो का? — वाचक, कुडचडे

उत्तर: तेच. बँडवाल्यांकडे बहुतेक वेळा जुन्या पद्धतीचं, कमी चाव्यांचं वाद्य असायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये क्लोझे हा वादक आणि ब्युफे हा कारागीर यांनी चाव्यांची नवी मांडणी केली, ती आज जगभर चालते. त्याआधीचं म्हणाल तर जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवलं. पण वरातीतल्या त्या वादकांना कमी लेखू नका. उन्हात, चालत, कुणी ऐकत नसताना, तीन तास सूर धरून ठेवणं काय असतं ते मी एकदाच करून पाहिलं आहे. गोव्यात चर्चच्या फेस्ताला वाजणारे बँड, तियात्राच्या रंगमंचासमोर बसणारे वादक, मुंबईच्या स्टुडिओंत रात्री जागवणारी आमची माणसं, या सगळ्यांत क्लॅरिनेट होतं. गावोगावच्या चर्चच्या शाळांतून मेस्तांनी मुलांना स्वरलिपी शिकवली म्हणून ते होतं.

आता माझ्या आजोबांची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या रागाच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. मी पहिलं क्लॅरिनेट घरी आणलं तेव्हा आजोबा सत्तरीत होते. त्यांनी ते हातात घेतलं, रीड चाचपली, आणि फुंकलं. एकच रीड असली तरी त्यांना सूर लगेच सापडला. मग त्यांनी सनईवर करायचे तसा दम वाढवून, अंगठ्याची चावी दाबून तोच सूर वर नेला, आणि थबकले. वर षड्ज आलाच नाही, तार सप्तकातला पंचम आला. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा पंचम. "ह्याचं सप्तक बाराव्या सुरावर आहे," असं ते म्हणाले आणि वाद्य माझ्या हातात देऊन कितीतरी वेळ माझी बोटं बघत बसले. त्यांनी अचूक ओळखलं होतं. सनईची नळी खाली रुंदावत जाते, म्हणून ती सप्तकावर उडते. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सरळ आहे आणि फुंकायच्या टोकाला बंद असल्यासारखी वागते, म्हणून ती बाराव्यावर उडते. खालच्या आणि वरच्या भागाची बोटं त्यामुळे वेगवेगळी. मधल्या सांध्यावर, ज्याला आम्ही ब्रेक म्हणतो, तिथे नवशिक्याचा प्रत्येक राग तुटतो.

पण वाजतो. दक्षिणेत दीडशेहून अधिक वर्षं वाजतो आहे. तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीतातल्या गमका या वाद्यावर अशा काही उतरवल्या की ऐकताना चाव्या आहेत हे विसरायला होतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मींड काढायची तर बोट भोकावरून एकदम न उचलता कडेने सरकवायचं, आणि त्याच वेळी घशाची पोकळी हळूहळू बदलायची. गर्श्विनच्या 'रॅप्सडी इन ब्लू'ची सुरुवात क्लॅरिनेटच्या अशाच एका चढत्या मींडीने होते. संगीतकाराने तिथे सुटे स्वर लिहिले होते. १९२४ च्या तालमीत रॉस गॉर्मन या वादकाने ते एका ओढीत घेतले आणि तेच कायम राहिलं.

या महोत्सवांत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. सकाळी ब्राम्स, दुपारी पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नातलं क्लेझ्मर, रात्री जॅझ. एका क्लेझ्मर वादकाने सूर घशातून असा हुंदक्यासारखा मोडला की मला फोंड्यातली वरात आठवली. त्याचं संगीतही लग्नाच्या मांडवातूनच आलेलं आहे. आपल्याकडचा एखादा वरातीतला क्लॅरिओनेटवाला तिथे मंचावर उभा राहावा, असं मला त्या रात्रीपासून वाटतं आहे आणि ते मी संयोजकांना पत्राने कळवत असतो.

प्रश्न: कोठीत चार रीडच्या पेट्या आहेत. पावसाळ्यात एकही नीट वाजत नाही, काहींवर काळे ठिपके आले. — वाचक, काणकोण

उत्तर: काळे ठिपके बुरशीचे आहेत, त्या रीड टाकून द्या, तोंडात घालू नका. रीड म्हणजे बोरूसारख्या वेताची पट्टी. बहुतेक सगळी फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या वार भागातून येते. आपला जून तिला मानवत नाही. वाजवून झाल्यावर पाण्याने धुवा, सपाट काचेवर टेकवून वारा लागेल अशी वाळवा, आणि पूर्ण वाळल्यावरच डबीत ठेवा. दहांच्या पेटीत खरोखर चांगल्या दोन-तीनच निघतात. चार रीड निवडून त्यांवर नंबर घाला आणि आलटून पालटून वाजवा. स्पर्धेला जाणार असाल तर तिथल्या हवेत त्या पुन्हा बदलतील, म्हणून पेटीवरच्या कडकपणाच्या नंबरात अर्ध्याने हलक्या आणि अर्ध्याने जड अशा दोन-दोन जास्त न्या. फेस्ताला उघड्यावर वाजवायचं तर कृत्रिम रीड घ्यायला हरकत नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका. जुन्या गोव्यातल्या मॉन्ते टेकडीवरच्या कपेलात नातीबरोबर क्लॅरिनेटची मैफल ऐकली. वादकाकडे दोन वाद्यं होती, तो मधूनमधून वाद्य खोलून फडकं ओढत होता. मी एका ठिकाणी टाळ्या वाजवल्या, बाकी कुणीच वाजवल्या नाहीत. फार ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या वेळी काय करावं? — म्हापसा

उत्तर: बाई, ओशाळू नका. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आपल्या सिम्फनीच्या चालू भागात मध्येच टाळ्या पडल्या याचा आनंद कळवला आहे. भागांच्या मध्ये शांत बसण्याची रीत पुष्कळ नंतरची. आज ती पाळतात हे खरं, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत रचनेचे किती भाग आहेत ते मोजून ठेवा. आणि वादकाने वाद्य खाली घेऊन खांदे सैल सोडले, की वाजवा. तुम्हाला मध्येच दाद द्यावीशी वाटली, याचा अर्थ तुम्ही मनापासून ऐकत होता. आपल्या मैफलीत आपण 'वा' म्हणतोच की.

दोन वाद्यांचं असं. एक बी-फ्लॅट, दुसरं ए. गायकांच्या भाषेत सांगायचं तर एकाचा सा काळी पाचला आणि दुसऱ्याचा पांढरी सहाला. अर्ध्या स्वराचा फरक. काही स्वरांत एक सोयीचं पडतं, काहींत दुसरं, आणि ए वाद्याचा आवाज किंचित काळोखा असतो, म्हणून मोझार्ट आणि ब्राम्स यांनी आपली क्लॅरिनेट पंचकं (पाच वाद्यांच्या रचना) त्याच्यासाठी लिहिली. फडकं ओढणं म्हणजे श्वासातलं पाणी टिपणं. ते चाव्यांच्या भोकात साचलं तर सूर गुरगुरतो.

पुढच्या वेळी कपेलात पहिल्या रांगेत बसू नका. उंच छतामुळे सूर मागे जाऊन जुळतो, मधल्या रांगा चांगल्या. आणि संथ भागाचा पहिला सूर ऐका. क्लॅरिनेट शांततेतून असं सुरू होऊ शकतं की सूर कधी आला ते कळत नाही. नातीला डोळे मिटायला सांगा आणि ऐकू आल्यावर हात वर करायला. माझ्या विद्यार्थ्यांबरोबर मी हे करतो, सगळ्यांचे हात वेगवेगळ्या क्षणी वर जातात.

प्रश्न: सर, मी वर्षभर एका मुंबईतल्या स्पर्धेची तयारी केली. पहिल्या फेरीतच बाहेर पडलो. परीक्षकांच्या कागदावर लिहिलं होतं: 'मधले सूर फिके, वाक्यं तुटक.' घरी आल्यापासून पेटी उघडलेली नाही. पुढे वाजवावं की नाही? — वाळपई

उत्तर: मी त्या नोव्हेंबरात, मध्य युरोपातल्या त्या महोत्सवात, पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. यादी दारावर लावली होती. ती तीनदा वाचली. मग बाहेर गार वाऱ्यात फिरून आलो, आणि थंडी सोसवेना म्हणून पुन्हा सभागृहात शिरलो, दुसरं काही कारण नव्हतं. आत स्पर्धेचा उरलेला गट वाजवत होता. माझीच रचना. अकरा जणांनी ती वाजवली आणि मी अकराही ऐकल्या.

एका मुलीने थीमच्या दुसऱ्या ओळीत, जिथे मी नेहमी श्वास घेत असे तिथे घेतलाच नाही. तिने तो एका मात्रेनंतर घेतला, आणि वाक्य अचानक पूर्ण झालं. एक मुलगा खालच्या सुरांतल्या त्या संथ भागात इतकं हळू वाजवत होता की मागच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, आणि तरी त्याचा प्रत्येक सूर माझ्यापर्यंत आला. एकजण माझ्यासारखाच पियानोच्या आधी निघाला. पण त्याने पुढचं वाक्य पियानोच्या हाती सोपवलं आणि ऐकत ऐकत परत आत शिरला. चूक झाल्यावर असंही करता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी वहीत सात पानं भरली. त्यापुढची कितीतरी वर्षं मी त्या सात पानांवर शिकलो आणि शिकवलं. २०१८ मध्ये बेल्जियमच्या ऑस्टेंडला क्लॅरिनेटफेस्ट झालं, तिथे मी फक्त ऐकायला गेलो, तेव्हाही तीच वही बरोबर होती. समुद्रकिनाऱ्यावरचं शहर ते, पण समुद्र करडा, आपल्यासारखा नाही. रोज तीन मैफली, त्याहून जास्त नाही, कारण चौथीला कान नुसतेच उघडे राहतात.

तुझ्या कागदाकडे वळतो. 'मधले सूर फिके' हा तुझ्या स्वभावावरचा शेरा नाही. क्लॅरिनेटचे मधले गळ्याचे सूर, ब्रेकच्या अगदी खालचे, मुळातच पातळ असतात, कारण तिथे जवळजवळ सगळी भोकं उघडी असतात आणि नळी फार थोडी वाजते. उपाय आहे. हे सूर वाजवताना उजव्या हाताची दोन-तीन बोटं खाली झाकून ठेव. सूर बदलत नाही, पण त्याला अंग येतं. कोणती बोटं ते तुझ्या वाद्यावर शोधावं लागेल, प्रत्येकाचं थोडं वेगळं निघतं. हीच बोटं आधीच खाली असली की ब्रेक ओलांडतानाही तुटत नाही, आणि तुझी तुटक वाक्यं बहुधा तिथेच तुटली असावीत. दोन्ही शेऱ्यांचं मूळ एकच आहे, आणि ते महिन्या-दोन महिन्यांत सुधारतं.

वय उलटून गेलं असं वाटत असेल तर रिशार्ट म्यूलफेल्टची गोष्ट ऐक. तो माइनिंगेनच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून लागला होता, क्लॅरिनेटकडे तिथे वळला. ब्राम्सने रचना करणं थांबवायचं जवळजवळ ठरवलं होतं. १८९१ मध्ये त्याने म्यूलफेल्टचं वादन ऐकलं आणि त्याच वर्षी क्लॅरिनेटसाठी एक त्रिक आणि एक पंचक लिहिलं, १८९४ मध्ये दोन सोनाटा (क्लॅरिनेट आणि पियानोसाठीच्या रचना). हे सोनाटा बी-फ्लॅटवर वाजतात. पहिल्याचा दुसरा भाग संथ आहे, बोटांना सोपा, श्वासाला अवघड. पेटी उघडशील तेव्हा वेबरने उघडू नकोस, त्याने उघड.

रविवारी सकाळी मी फोंड्याला मुलांना घेऊन बसतो. चारजण एकच पान एकामागून एक वाजवतात आणि बाकीचे वहीत लिहितात. संपादकांकडे माझा पत्ता आहे, तो मागून घे. येताना परीक्षकांचा तो कागद आण, आणि एक कोरी वही.